किरकोळ खर्च

शेरा क्रमांक चौदा:
'गायनाकरिता मानधन, दरमहा रुपये चार हजार.
प्रयोजन स्पष्ट होत नाही. खुलासा करावा.'

खुलासा करतो, साहेब.
मी हिशेबनीस. गाण्यातलं मला कळत नाही.
आमचा नवजात कक्ष दुसऱ्या मजल्यावर,
खिडकीखाली साखर पेठ, खिडकीत मे महिना, चव्वेचाळीस अंश,
आत अकरा काचपेट्या
आणि प्रत्येकीला तिची स्वतःची शिट्टी.
रात्रंदिवस काहीतरी वाजतच असतं:
सलाइनचा पंप, प्राणवायूची फुसफुस,
कुणाचा तरी आकडा घसरल्याची हाक.
दारावर 'शांतता राखा' अशी पाटी आहे.
पाटीचे एकशे ऐंशी रुपये आपण मागच्या वर्षी
विनाशेरा मंजूर केलेत.

गिरिजा कलशेट्टी मंगळवारी येतात आणि शुक्रवारी.
चपला बाहेर, बांगड्या पिशवीत,
कोपरापर्यंत हात धुऊन.
त्या गात नाहीत, खरं तर.
ओठ मिटून एकच सूर धरतात,
इतका हळू, की दारात उभा राहून
आधी मला वाटलं, पंखा आहे.
नजर बाळाच्या छातीवर.
श्वास धावला की त्याच्याबरोबर थोडं धावतात,
मग एकेक पाऊल मागे,
त्यालाही मागे घेत.

पेटी सहा. येमूल यांचे बाळ. मुलगी. एक हजार साठ ग्रॅम.
बाप अंबादास, यंत्रमागावर रात्रपाळी.
तिथे ओरडूनच बोलायचं, जिभेला तीच सवय.
सिस्टर म्हणाल्या, हळू.
तेव्हापासून बोलणंच बंद.
आठ दिवस काचेपाशी नुसता उभा.
बाईंनी लावण्याला विचारलं,
हिला पोटात काय ऐकू यायचं?
ती हसली. 'काय यायचं? माग.
आमची खोलीच मागावर.
आमच्याकडं माग थांबला की माणसं जागी होतात.'

मग पेटीच्या गोल दारातून
अंबादासचा धुतलेला हात आत गेला.
एक बोट, गादीच्या कडेवर.
खट्. खट्.
'एवढं नको. झोपेतल्या मागासारखं.'
झोपेतला माग कसा असतो ते त्यालाच ठाऊक,
पण बोट हळू झालं,
आणि बाईंचा सूर त्यातून आडवा गेला.
लावण्या तेलुगूत 'जो' म्हणाली.
सोलापुरात जो तिन्ही भाषांत जोच.
दुभाष्याचा खर्च नाही.

आकडा शहाऐंशीवरून त्र्याण्णववर आला. हे मी पाहिलं.
गाण्यानं आला, असं मी लिहीत नाही.
वजन दुधानं वाढतं,
सिस्टरांच्या हातांनी, डॉक्टरांच्या जागरणानं.
मी एवढंच नोंदवतो, की मिनिटभर
अकरातली एकही पेटी वाजली नाही.
आणि बाप बोलला.
'नखं आहेत हिला,' म्हणाला.
हळू.

आता एकोणीस तारखेची पावती, जी आपणास आढळली नाही.
ती नाहीच.
त्या दिवशी पेटी दोनमधलं बाळ
सूर चालू असतानाच गेलं.
बाईंनी सूर सोडला नाही.
नळ्या काढून, पुसून, आईच्या हातात देईपर्यंत धरला.
मग बांगड्या न घालताच जिना उतरल्या.
त्या दिवसाचे पैसे घेतले नाहीत.
मी रकाना कोरा ठेवला.
कोऱ्या रकान्यावर शेरा मारता येतो का,
मला नियम सापडला नाही.

येमूल बाळ दोन किलोला घरी गेलं.
अंबादासनं जाताना चादर दिली,
साठा नोंदवहीत घेतली आहे, नग एक.

राहता राहिलं खातं.
चूक माझी, मान्य करतो:
ही रक्कम 'किरकोळ'मध्ये पडायला नको होती.
तिथून काढून मी ती पेन्सिलीनं
'प्राणवायू'च्या खालच्या ओळीत लिहिली आहे.
खोडायची असेल तर खोडरबर टेबलावर आहे.
फक्त मंगळवारी या.